लसणाच्या दिवशीची किल्ली

मित्रांनो, मी एक जुनी पितळी किल्ली आहे, आणि जुनी म्हटले म्हणून कुणी नाक मुरडू नये. माझे तिन्ही दात शाबूत आहेत. तुमच्या घरी माझ्या वयाचे कुणी असेल, तर त्यांना विचारून बघा किती उरलेत.

मी साध्यासुध्या कपाटाची किल्ली नाही. देशाचे कायदे जिथे होतात, त्या मोठ्या सभागृहाच्या दाराची मी किल्ली. मला एका म्हाताऱ्या कुलूपवाल्याने घडवले. तो कानस अशी चालवायचा की मला गुदगुल्या व्हायच्या. माझा मधला दात त्याने सात वेळा घासला आणि सातही वेळा "अजून नाही" म्हणाला. आठव्यांदा कुलपात घालून फिरवले, कट्‌ असा आवाज आला, आणि म्हातारा हसला. त्या आवाजाचा मला आजही गर्व आहे. गर्व वाईट म्हणतात, पण काम चोख करणाऱ्याला थोडा शोभतो.

आता माझे काम ऐका. सभागृहात दिवसभर चर्चा चालते. बोलून बोलून सगळे दमले, की मतदान. मतदानाआधी तीन मिनिटे घंटा वाजते. कँटीनमध्ये, वाचनालयात, जिन्यात, असेल तिथे ती ऐकू येते. सदस्यांनी हातातले सोडून आत यायचे. घंटा थांबली की दार बंद, मी फिरते, आणि मग कुणीही असो, आतला आत, बाहेरचा बाहेर. दाराला ओळखपाळख नाही.

पहिली कितीतरी वर्षे मी एका मिशाळ दारवानाच्या कमरेला होते. माणूस सोन्यासारखा, पण एकदा चुकला. त्याचा एक जिवलग मित्र सदस्य होता. तो धावत येताना दिसला म्हणून घंटा थांबल्यावर दोन श्वास, फक्त दोन श्वास, त्याने मला फिरवले नाही. मित्र आत आला आणि त्याच्या मताने निकाल फिरला. कुणी पाहिले नव्हते. पण मी कुलपात होते ना! त्या दिवसापासून मिशाळ मला हातात घ्यायचा, तेव्हा माझ्याकडे बघायचा नाही. नोकरी संपली तेव्हा त्याने मला नव्या दारवानबाईच्या हातात ठेवले, ती दोन श्वासांची गोष्ट तिला सांगितली आणि म्हणाला, "ही फिरवताना माणूस बघायचा नाही, पोरी. घंटा ऐकायची."

या दारवानबाईला सगळे ताई म्हणतात. उंच, कमी बोलणारी. महिन्यातून एकदा तेलाचा एक थेंब मला आणि एक कुलपाला. मला ती आवडते, हे मी तिला कधी सांगितले नाही. लाडावून ठेवले की माणसे तेल द्यायला विसरतात.

तर त्या दिवशी विषय होता लसूण.

मित्रांनो, लसूण हा शब्द मी आयुष्यात शेकडो वेळा ऐकला होता, पण तो कसा दिसतो, कसा लागतो, त्याचा वास कसा, काही ठाऊक नव्हते. किल्लीला कोण जेवायला बोलावते? म्हणून मी कान टवकारून बसले. म्हणजे लटकले.

गोष्ट अशी होती. परदेशातून लसूण आला की बंदरावर त्याच्यावर कर लागतो. त्यामुळे तो महाग पडतो आणि आपल्या शेतातला लसूण विकला जातो. व्यापारमंत्र्यांनी विधेयक आणले होते, की हा कर पुढच्या महिन्याच्या एक तारखेपासून उठवावा.

सभागृह भरायच्या आधी ताईच्या धाकट्या बहिणीचा फोन आला. धाकटी लसूण पिकवते. तिचा आवाज असा, की फोन कानापासून वीतभर लांब धरावा लागतो, आणि तरी कमरेला लटकलेल्या मला सगळे ऐकू येते.

"ताई, मतदान आजच ना ग?"

"आजच."

"हे बघ, बाहेरचा लसूण आत्ता आला तर माझा माळ्यावर पडून राहणार. तसं झालं ना, तर मी पुन्हा लसूण लावायची नाही. आईनं लावला, आजीनं लावला, माझ्यापाशी संपला म्हणायचं. आपण निवडून दिलेले साहेब विरोधात मत देणार आहेत, पण ते सदा उशिरा. तू दाराशीच असतेस. जरा धरून ठेव दार."

"बघू," ताई म्हणाली.

मला हा शब्द अजिबात आवडला नाही. मला दोनच गोष्टी कळतात, उघडे आणि बंद. 'बघू' या दोन्हींत कुठे बसते, ते मला आजवर कुणी समजावलेले नाही.

सकाळची चर्चा मोठी गोड झाली. मंत्री म्हणाले, "शहरातली आई आज लसणाच्या पाकळ्या मोजून वापरते. तिला स्वस्त लसूण नको का?" मला वाटले, बरोबर बोलतो आहे गृहस्थ. मग समोरची एक सदस्या उठली. "आणि पिकवणारी आई? तिनं पिकवलेलं फेकायचं का?" मला वाटले, हीसुद्धा बरोबर. दोघेही बरोबर असतील तर भांडण कशाचे? मी विचार करून दमले. किल्लीला मत देता येत नाही, हे एका परीने बरेच आहे.

दुपारी पहिल्या मतदानाची घंटा सुरू झाली. विधेयक पुढे न्यायचे की इथेच सोडून द्यायचे, एवढेच यात ठरणार होते.

सदस्य भराभर आत आले. धाकटीचे साहेब काही दिसेनात. त्यांना आम्ही दारातली मंडळी गुडघेसाहेब म्हणतो. प्रत्येक पायरीला ते एकदा देवाचे नाव घेतात आणि एकदा डॉक्टरचे. पहिले मिनिट गेले. दुसरे गेले. ताईने मला कुलपात घातले. मग तळहात पुसला आणि मला पुन्हा घट्ट धरले.

तिसरे मिनिट संपता संपता कॉरिडॉरच्या टोकाला गुडघेसाहेब उगवले. एका हातात केकचा तुकडा, दुसरा हात भिंतीला.

"ताई! थांबा! आलो, आलो!"

घंटा थांबली.

दहा पावले उरली होती. धावत्या माणसाला दहा पावलांना दोन श्वास लागतात. गुडघेसाहेबांना चार लागले असते. ताईने त्यांच्याकडे एकदा पाहिले, मग खाली जमिनीकडे पाहिले, दार ओढले आणि मला फिरवले.

कट्‌.

बाहेरून दारावर हात आपटला. मला तो दातापर्यंत जाणवला. ताई दाराला पाठ लावून उभी राहिली, आणि निकाल वाचला जाईपर्यंत तिने माझ्यावरचा हात काढला नाही. एकसष्ट बाजूने, साठ विरोधात. विधेयक एका मताने पुढे गेले. गुडघेसाहेब आत असते तर मते समान झाली असती. समान झाली की सभागृह चालवणाऱ्या अध्यक्षबाई आहे ते तसेच ठेवतात, अशी इथली रीत आहे. म्हणजे सगळे तिथेच संपले असते.

जेवणाच्या सुट्टीत ताई बाहेरच्या बाकावर बसली. डबा उघडला नाही. फोन वाजला.

"काय झालं ग?"

"गेलं पुढे. एका मतानं."

"एका? आणि आपले साहेब?"

"बाहेर राहिले."

"बाहेर? कुणी ठेवलं त्यांना बाहेर?"

ताई म्हणाली, "मी."

धाकटीचा आवाज आणखी चढला. ताईने फोन आणखी वीतभर लांब धरला.

"तू? माझ्या तोंडचा घास तू काढलास? सख्खी बहीण ना ग तू?"

"घंटा थांबली होती."

"घंटा थांबली होती म्हणे! एक शिंक नाही काढता आली तुला? किल्ली हातातून पडली म्हणायचं, उचलायला वेळ लावायचा!"

मी पडले म्हणायचे! इतक्या वर्षांत मी एकदाही जमिनीला अंग लावलेले नाही. मला असा राग आला की सांगता सोय नाही.

"पाडली असती," ताई हळूच म्हणाली, "तर उद्या दुसऱ्या कुणासाठी पाडावी लागली असती. तुझ्याविरुद्ध मत देणाऱ्यासाठीसुद्धा. मग या दाराशी मी कशाला हवी? दगड ठेवला तरी चालेल."

पलीकडे धाकटीने नाक ओढले. रडत होती की चिडली होती, मला कळले नाही. मग तिने विचारले, "घंटा वाजते किती वेळ?"

"तीन मिनिटं."

"आणि तेवढा वेळ साहेब कुठे होते?"

"कँटीनमध्ये."

"काय करत होते?"

"हातात केक होता."

धाकटीचा आवाज एकदम खाली आला. वादळाआधी वारा पडतो तसा.

"आहेत का तिथे जवळपास?"

"समोरच्या बाकावर गुडघे चोळतायत."

"दे त्यांना फोन."

ताईने उठून फोन गुडघेसाहेबांच्या हातात दिला आणि शेजारी उभी राहिली. त्यांनी फोन कानाला लावला आणि लगेच लांब धरला.

"साहेब, नमस्कार. मतं मागायला आमचा चढ चढून आलात, तेव्हा गुडघे घरी ठेवून आला होतात का?"

"अहो बाई, दार लावलं हो तुमच्या बहिणीनं..."

"लावणारच! तिचं कामच आहे ते. तिनं तिचं केलं, तुम्ही तुमचं केलंत का? तीन मिनिटांत आमच्या कोंबड्या पण खुराड्यात जातात. केक कसा होता?"

"आता झालं ते झालं, बाई..."

"झालं नाही, अजून संध्याकाळ आहे. मला सांगा, कर कधी उठणार?"

"एक तारखेला."

"आणि लसूण कधी निघतो?"

गुडघेसाहेबांनी बोटांवर महिने मोजले. बराच वेळ हिशेब करून म्हणाले, "एक तारखेच्याच सुमारास की हो."

"मग हेच मंत्र्यांना विचारा. लसूण कधी निघतो, एवढंच. भाषण करू नका. तुमचं भाषण सुरू झालं की माणसं चपला शोधतात."

मित्रांनो, संध्याकाळी गुडघेसाहेब बैठकीच्या कितीतरी आधी जागेवर येऊन बसले. चहाला उठले नाहीत, पाण्याला उठले नाहीत, आणखी कशाला उठले नाहीत ते मी सांगत नाही. एकेका कलमावर चर्चा सुरू झाली. तारखेचे कलम आले तेव्हा ते टेबलाला धरून उभे राहिले.

"मंत्रिमहोदयांना एकच प्रश्न. आपल्याकडे लसूण कधी निघतो?"

मंत्र्यांनी कागद चाळले. मागे बसलेल्या अधिकाऱ्याकडे पाहिले. अधिकाऱ्याने दुसऱ्याकडे, दुसऱ्याने छताकडे. शेवटी एक चिठ्ठी पुढे आली आणि मंत्र्यांनी ती वाचली, "वर्षभर."

सभागृह असे हसले की मी ताईच्या कमरेला डुलले. अध्यक्षबाईंनी चष्मा काढून पुसला. "मंत्रिमहोदय, दुकानात वर्षभर मिळतो. ते निघतो कधी विचारतायत, जमिनीतून."

मग गुडघेसाहेबांनीच सांगितले. पात पिवळी पडली की लसूण उपटतात, सावलीत वाळवतात, मग तो बाजारात येतो, आणि सगळा विकला जायला चार महिने लागतात. "तुम्ही नेमकी तीच तारीख धरलीत. कर कायमचा ठेवा असं मी म्हणत नाही. शहरातल्या आयांचंही खरं आहे. चार महिने थांबा, एवढंच." आणि ते खाली बसले. त्यांचे एवढे छोटे भाषण मी जन्मात ऐकले नव्हते.

दुपारी मंत्री एका मताने जिंकले होते. एका मताने जिंकलेला माणूस जरा जपूनच चालतो. त्यांनी शेजाऱ्याशी कुजबुज केली, पुन्हा चिठ्ठी पाहिली, ती चुरगाळली आणि उठून म्हणाले, "दुरुस्ती मान्य आहे."

अध्यक्षबाईंनी विचारले, "बाजूने असतील त्यांनी हो म्हणावे." सगळीकडून एकच मोठा "हो" आला. विरोध विचारला तेव्हा कुणी चकार शब्द काढला नाही. मते मोजायची गरजच उरली नाही, त्यामुळे घंटा वाजली नाही आणि मलाही फिरावे लागले नाही. मी नुसती लटकून ऐकत होते. आयुष्यात पहिल्यांदा काम न करता मला समाधान वाटले, पण हे बाहेर सांगू नका.

धाकटीला कळवले तेव्हा ती काय म्हणाली असेल? म्हणाली, "चारच?"

पण पाच महिन्यांनी ती स्वतः आली. बाजूच्या दाराने, खांद्याला पिशवी अडकवून. बहिणीशी बोलायच्या आधी म्हणाली, "दाखव ती किल्ली." ताईने मला तिच्या तळहातावर ठेवले. तिचा हात खरखरीत होता, कुलूपवाल्या म्हाताऱ्याच्या कानशीसारखा. तिने मला उलटीपालटी करून पाहिले.

"एवढीशी? एवढ्याशीनं माझी झोप उडवली?"

"तिनं नाही, मी," ताई म्हणाली.

"माहितीये ग. तुला बोलले की तू रडतेस, म्हणून हिला बोलते." मग पिशवीत हात घालून तिने पांढऱ्या गड्ड्यांची पातीसकट विणलेली एक लांब वेणी काढली. "घे. विकून उरलाय. आणि ऐक, पुढच्या वर्षीसाठी बियाणं वेगळं काढून ठेवलंय."

ताईने ती वेणी दारवानांच्या खोलीत, मी रात्री टांगली जाते त्याच खिळ्यावर टांगली. तेव्हा, मित्रांनो, मला लसूण कळला. केवढा तो उग्र, हट्टी वास! मोठमोठ्यांनी त्याच्यापायी दिवसभर का भांडावे, ते मला एका रात्रीत उमगले. दुसऱ्या दिवशी दाराशी अध्यक्षबाई थबकल्या, इकडेतिकडे हुंगले आणि आत गेल्या.

हल्ली ऐकते, की दाराला कार्ड लावायचे यंत्र बसणार आहे आणि मला काचेच्या पेटीत ठेवणार आहेत. ठेवा बापडे. तोवर महिन्याला माझा तेलाचा थेंब चुकवू नका, कुलपाचाही नको. यंत्र आले तरी त्याच्याशी ताईसारखेच कुणीतरी उभे करा, ज्याला माणूस दिसत असूनही घंटा ऐकू येते. आणि तुमच्यापैकी कुणी मोठे होऊन त्या सभागृहात बसलेच, तर घंटा सुरू झाली की उठा. केक कुठे पळून जात नाही, परत येऊन खाता येतो. दार मात्र तुमच्यासाठी थांबायचे नाही. ते धाकटीसाठीसुद्धा थांबले नव्हते.