चाळीस सेआ पाणी

पायऱ्या पाच; त्यांतली खालून दुसरी तुटलेली. पायऱ्यांच्या तळाशी खडकात कोरलेलं चौकोनी कुंड एक. कुंडाला आतून गिलाव्याचे थर दोन, खालचा राखाडी, वरचा पांढुरका. गिलाव्यावर पाण्याची जुनी रेघ एक, चारही बाजूंना सलग. गाळातून निघालेले मऊ चुनखडीच्या दगडी प्याल्यांचे तुकडे अकरा, मडक्यांचे काठ सात, मातीचा दिवा अर्धा, नाणं एकही नाही. आणि कुंडाच्या काठावर प्लास्टिकच्या खुर्च्या तीन, त्यांवर बसून एफ्रातला पुरातत्त्व शिकवणारी माणसं तीन.

खुर्च्या रहामीम बुख्रीसच्या होत्या आणि अंगणही त्याचंच. त्याचे वडील ट्युनिशियाहून इस्रायलमधल्या, गालिलीतल्या या गावात आले, त्यांनी टोमॅटोची हरितगृहं उभी केली, आणि आता घरामागच्या तुकड्यावर रहामीमला मुलीसाठी घर बांधायचं होतं. परवानगी मिळवता मिळवता त्याचे केस पिकले. ती मिळाली, तर पाया खणण्याआधी जागा तपासून घ्यायचा नियम आडवा आला, आणि पुरातत्त्व खात्याची एफ्रात कुदळ नि ब्रश घेऊन दारात उभी राहिली.

खात्यापुरतं काम गुरुवारीच संपलं होतं. मोजा, फोटो काढा, वाळू भरा, जागा मोकळी करा, असा निरोप आला होता. आज शुक्रवार. रविवारी सकाळी काँक्रीटची गाडी येणार होती. एफ्रातने आजवर शोधलेलं सगळं असंच कशाच्या ना कशाच्या खाली गेलं होतं. तेलाचा घाणा पार्किंगखाली, कुंभाराची भट्टी उड्डाणपुलाच्या खांबाखाली, एक अख्खी गल्ली सुपरमार्केटच्या शीतगृहाखाली. निदान हे एक कुंड तरी आभाळ बघत राहावं, एवढंच तिला हवं होतं. कायदा तिच्या बाजूला नव्हता. बाजूला होता तो फक्त रहामीमचा शब्द.

शब्द त्याने असा दिला होता: "आपली जुनी ज्यू माणसं खरंच इथे बुडी मारून शुद्ध होत असतील, हे खरंच मिक्वे असेल, तर मी त्याच्यावर स्वयंपाकघर बांधणार नाही. घर सरकवीन, नवा नकाशा काढीन, पुन्हा परवानगीसाठी चपला झिजवीन. पण द्राक्षं तुडवायचा खड्डा निघाला, तर पोरी, माझं डोकं खाऊ नकोस."

एफ्रात सकाळपासून तेच करत होती.

"रहामीम, हे बघा. रसाचं कुंड असतं तर तळाला रस काढायला भोक असतं. इथे नाही. गिलावा पाण्याचा आहे. आणि हे प्याले दगडाचे आहेत. दगडाला विटाळ लागत नाही, म्हणून ते लोक दगडात प्यायचे. आणखी काय पाहिजे?"

"ते सगळं ठीक," नेहोराई म्हणाला. नेहोराई म्हणजे होणारा जावई. दिवसभर धर्मग्रंथांच्या पाठशाळेत बसणारा, काळी टोपी गुडघ्यावर ठेवून इथेही तसाच बसलेला. "पण पाणी किती मावतं? मिक्वेला जुन्या मापाने चाळीस सेआ पाणी लागतं. त्याला थेंब कमी पडला तरी तो मिक्वे नाही, नुसता खड्डा."

"ज्यांनी बांधला त्यांना सेआ म्हणजे किती ते माहीत होतं की!"

"त्यांना होतं. आपल्याला कुठे आहे?"

एफ्रातने डोळे मिटले आणि नाकातून श्वास सोडला. तिचा लेझर स्कॅनर कालच दुसऱ्या खोदकामावर गेला होता. कुंडाच्या भिंती पोट सुटल्यासारख्या फुगलेल्या. टेप लावून घनफळ काढणं म्हणजे अंदाजपंचेच.

"पाणी भरून बघू," रहामीम म्हणाला. "त्यात एवढं काय?"

"नाही! तो गिलावा दोन हजार वर्षं टिकलाय. तुमच्या नळाचं पाणी लागलं की दुपारपर्यंत सोलून येईल."

"शिवाय नळाचं पाणी चालत नाही," नेहोराईने पुस्ती जोडली. "पावसाचं पाहिजे. माणसाने आणून ओतलेल्या पाण्याने मिक्वे बाद होतो."

"अरे बाबा, आपण मोजतोय! बुडी कोण मारतंय इथे?"

"तत्त्व म्हणून सांगतो."

"तत्त्व म्हणून तू गप्प बस ना थोडा वेळ," तिसऱ्या खुर्चीवरून झोहारा म्हणाली. रहामीमची बायको. मांडीवरच्या परातीत संध्याकाळच्या कुस्कुससाठी रवा चोळत बसली होती. "मागे हरितगृहाच्या प्लास्टिकची गुंडाळी पडलीय. ती आत अंथरा. भिंतही भिजणार नाही आणि याचं तत्त्वही."

एवढं साधं आपल्याला का सुचलं नाही म्हणून एफ्रात स्वतःवरच चरफडली. रहामीमने प्लास्टिक आणलं, ठिबकच्या नळीवरचं मीटर सोडवून आणलं, नळी जोडली. एफ्रात पालथी पडून कोपऱ्या-कोपऱ्यात प्लास्टिक दाबत गेली. पाणी कुठवर भरायचं यावर पुन्हा अर्धा तास गेला. नेहोराई म्हणे काठापर्यंत नको, काठ फुटका आहे. शेवटी गिलाव्यावरच्या जुन्या रेघेवर तिघांचं एकमत झालं. त्या घरात सकाळपासून झालेलं ते पहिलं एकमत.

रहामीमने चावीला हात घातला.

"थांबा," एफ्रात म्हणाली. "आधी आकडा ठरवा. चाळीस सेआ म्हणजे किती लिटर? मोजल्यावर ठरवायला बसलात, तर ज्याला जो सोयीचा तो आकडा तो धरून बसेल."

"पाचशे त्र्याहत्तर," नेहोराई लगेच म्हणाला.

"आणि छोट्या मापाने तीनशे बत्तीस. हे का नाही सांगत?"

"छोटं मापही आहे म्हणतात. पण जुनं माप अंड्यावरून ठरायचं, आणि आजची अंडी जुन्या अंड्यांच्या जेमतेम निम्मी राहिलीत."

"कोणी मोजलं?"

"माप अंगठ्याच्या रुंदीवरूनही ठरायचं. दोन्ही ताडून पाहिली, तेव्हा लक्षात आलं."

"मग अंगठे मोठे झाले नसतील कशावरून?"

"पिढ्या खालावत जातात," नेहोराई शांतपणे म्हणाला. "वाढत कधी जात नाहीत."

एफ्रातला हातातला ब्रश कुंडात भिरकावून द्यावासा वाटला. तिने तो खिशात खोचला.

रहामीमच्या चेहऱ्यावर मात्र पहिल्यांदाच थोडी तरतरी आली. एवढ्याशा कुंडात पाचशे त्र्याहत्तर कुठले मावायला! "झालं तर," तो म्हणाला. "घर याचं, माप याचं. पाचशे त्र्याहत्तर. भरा."

"घर त्याचं होईल तेव्हा होईल," एफ्रात म्हणाली. "शब्द तुम्ही दिलाय. तुमचं माप कुठलं?"

"माझं माप? मी काय दुकान घातलंय?"

"आज संध्याकाळी शब्बाथ लागेल. द्राक्षरसाचा प्याला हातात धरून तुम्ही किद्दुशची प्रार्थना म्हणाल. कुठला प्याला?"

प्याल्याचं माप, सेआचं माप, सगळी एकाच अंड्यातून निघालेली, हे रहामीमलाही ठाऊक होतं.

"सांगा ना," झोहारा परातीतून मान न उचलता म्हणाली. "नाहीतर मी सांगते, पोरी. सासऱ्यांचा चांदीचा. एवढासा, चिमुकला. या नवरदेवाने हल्ली एक मोठा आणून दिलाय, बादलीएवढा. तो कपाटात आहे. त्यात मी छोले भिजत घालीन म्हणते."

"आई, तो दीडशे मिलिलिटरचा आहे, बादलीएवढा नाही!" नेहोराई म्हणाला.

"माझ्यासाठी बादलीच."

"तू मध्ये पडू नकोस," रहामीम बायकोवर खेकसला. "मुलगी तुझीही आहे. पुन्हा नकाशा, पुन्हा कचेरी, लग्न झाल्यावर पोरं राहायची कुठे? या खड्ड्यात?"

झोहाराने परातीत आणखी मूठभर रवा घातला. रवा चोळायचा आवाज तेवढा येत राहिला.

नेहोराई मदतीला धावला. "अब्बा, यात अवघड काहीच नाही. शंका असेल तिथे कडक माप धरायचं. मोठ्या मापाने गेलं तर कोणाचीच हरकत राहत नाही."

"आणि छोट्याने गेलं तर?"

"तर... नीट झालंच नाही असं धरलेलं बरं."

"नीट झालंच नाही?"

"म्हणजे, शंका राहते."

रहामीम खुर्चीवरून उठला. हातातली नळी त्याने खाली ठेवली. "माझ्या बापाने तिकडे ट्युनिशियात, जेर्बा बेटावर त्या प्याल्यावर किद्दुश केला. बोटीतून येताना केला. इथे तंबूत राहायचा तेव्हा केला, वर पत्र्याला भोकं होती तेव्हा केला. जाईपर्यंत एक शुक्रवार चुकला नाही. आणि तू, माझ्याच खुर्चीवर बसून, मला सांगतोस की त्याने किद्दुश केलाच नाही?"

"अब्बा, मी तसं नाही म्हटलं..."

"मग कसं म्हटलंस?"

नेहोराईने टोपी गुडघ्यावरून उचलली आणि पुन्हा तिथेच ठेवली.

"छोटं माप," रहामीम म्हणाला. त्याचा आवाज चढलेला होता आणि तो कोणावर चढवावा हे त्याला कळत नव्हतं. "तीनशे बत्तीस. माझ्या बापाचं माप. त्याच्या वर गेलं तर मिक्वे, खाली राहिलं तर खड्डा, आणि मग दोघंही माझ्या अंगणातून चालते व्हा. लिहून घे, पोरी. कोण कुठल्या बाजूला उभा आहे ते मला नंतर ऐकायचं नाही."

एफ्रातने लिहून घेतलं. मग, माणसांवरचा तिचा विश्वास सकाळीच उडालेला असल्यामुळे, तिने मीटर नेहोराईच्या हातात दिलं. "तू वाच. मी रेघेवर नजर ठेवते. मी 'बंद' म्हणेपर्यंत आकडा मोठ्याने म्हणायचा नाही."

"का?"

"तत्त्व म्हणून."

रहामीमने चावी उघडली. प्लास्टिक फडफडलं, फुगलं, भिंतींना चिकटत गेलं. एफ्रात शेवटच्या पायरीवर गाल टेकून आडवी झाली होती. पाण्याची कड आणि जुनी रेघ यांच्यात अजून वीतभर गिलावा दिसत होता. वर झोहारा विचारत होती की चुलीवरचे रात्रीच्या जेवणाचे मासे कोणी बघणार आहे का, की आज सगळ्यांनी हेच पाणी प्यायचं ठरवलंय. वीत चार बोटांवर आली, चार बोटांची दोन झाली. एका कोपऱ्यात प्लास्टिकला सुरकुती पडली, ती एफ्रातने नखाने सरकवली. रहामीमचा हात चावीवरच होता.

"बंद!"

पाणी हलायचं थांबेपर्यंत ती तशीच पडून राहिली. चारही बाजूंनी कड रेघेला लागली होती. प्लास्टिकच्या सुरकुत्यांसाठी तिने इकडे-तिकडे तीन लिटरची चूक धरली.

"वाच."

नेहोराईने मीटर उन्हातून सावलीत नेलं आणि काचेवरचं पाणी बाहीने पुसलं.

"चारशे एक्कावन्न."