कुंपणाला टेकलेला पिवळा फलक

मी एक जुना पिवळा फलक आहे. खरं तर आता नुसता खांबच उरलोय, पण मित्रांनो, ओळख मी अजून तशीच सांगतो.

गमच्या, म्हणजे निलगिरीच्या, टणक लाकडातून मला तासलं, वर पिवळा पत्रा ठोकला, त्यावर काळा कोआला रंगवला आणि बूरंगा गावाबाहेरच्या वळणावर उभं केलं. इथे कोआला रस्ता ओलांडतात, गाडी हळू चालवा, एवढंच मला सांगायचं होतं. पाहुणे लोक माझ्या गळ्यात हात टाकून फोटो काढत. मी फुगून जायचो. फोटो झाला की तेच लोक गाडी भरधाव सोडत.

रात्री एखादा कोआला गाडीखाली यायचा, मग सकाळी ब्रॉनविन यायची. गावातले जखमी प्राणी तीच सांभाळते. मेलेल्या मादीच्या पोटावरची पिल्लाची पिशवी ती चाचपून बघायची. पिल्लू जिवंत असलं तर स्वेटरच्या आत घ्यायची आणि पिशवी तपासून झाली हे मागून येणाऱ्याला कळावं म्हणून मढ्यावर गुलाबी फुली मारायची.

पुढे कुंपण आलं. उंच जाळीचं, आणि नखं रुतू नयेत म्हणून दोन्ही बाजूंनी वर गुळगुळीत पत्रा. रस्त्याखालून प्राण्यांसाठी बोगदाही झाला. फुल्या थांबल्या. मला आनंद व्हायला हवा होता, पण माझा नुसता जळफळाट झाला. मी उन्हापावसात उभा राहून झिजलो आणि हार या कालच्या पोराच्या गळ्यात! पाहुणेही त्याचेच फोटो काढू लागले.

गावाला तर त्याचा भारी पुळका. एका रविवारी सगळ्यांनी कुंपणाला अगदी खेटून कोआलांसाठी गमची रोपं लावली, पावात सॉसेज घालून खाल्ली, एकमेकांच्या पाठी थोपटल्या. सगळ्यात मोठं रोप म्हाताऱ्या क्लेमचं. त्याच्या गाई पलीकडच्या कुरणात चरतात. माझ्या पायाशी कुणी गवताची काडीही लावली नाही.

रोपांची झाडं झाली आणि फांद्या कुंपणावरून रस्त्याकडे झुकल्या. या वसंतात एका सकाळी एक कोआला आई पाठीवर पिल्लू घेऊन क्लेमच्या झाडावर चढली आणि फांदीवरून थेट रस्त्याच्या बाजूला उतरली. कुंपणाचं नाक कापलं गेलं! मला गुदगुल्या झाल्या.

पण तिला परत जाता येईना. ती जाळी चढायची आणि पत्र्यावरून घसरायची. पिल्लू पाठीवरून लोंबकळू लागलं. तेवढ्यात चढापलीकडून दुधाच्या टँकरची घरघर ऐकू आली आणि माझ्या गुदगुल्या कुठच्या कुठे गेल्या.

क्लेम आणि ब्रॉनविन धावत आले.

"काका, पकडायला जाऊ नका! बिथरली तर रस्त्यावर पळेल."

"मग काय हाताची घडी घालून बघत बसू?"

"कुंपणाला टेकवायला लाकूड हवंय. ती आपली आपण चढेल."

"आता लाकूड काय खिशातून काढू?" क्लेमची नजर माझ्यावर पडली. "हा म्हातारा हलतोय बघ."

"अहो, तो फलक आहे. सरकारी!"

"असू दे. आजवर कोणी वाचलंय त्याला?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ब्रॉनविन जाकीट हलवत टँकरच्या दिशेने पळाली. क्लेमने मला गदागदा हलवून उपटलं. पत्रा निखळून पडला. त्याने मला टेकवलं ते नेमकं त्या कुंपणाच्याच खांद्यावर! टँकर करकचून ब्रेक दाबत थांबला. त्या आवाजाने आई दचकली, माझ्यावर झेपावली आणि सरसर चढून पिल्लासकट पलीकडे उतरली.

क्लेमने लगेच करवत आणली. आपलं झाड कापताना त्याचे डोळे भरून आले.

"दुसरं लावू, काका," ब्रॉनविन म्हणाली. "पण आत, रानात."

"चांगलं करायला गेलो आणि तिला रस्त्यावर आणून सोडली गं मी."

मित्रांनो, फोटो काढा, पण त्यानंतर गाडीही हळू चालवा. आणि प्राण्यांसाठी झाड लावाल तेव्हा त्यावर चढून ते कुठे उतरतील, तेही बघा.

पुन्हा कुणी रस्त्याकडे अडकलं तर चढायला हवा, म्हणून मी आता कायमचा इथेच टेकलेलो असतो. कौतुक अजूनही कुंपणाचंच होतं आणि मी अजूनही जळतो. जळेन नाही तर काय! फक्त पाहुणे पांगले की मी त्याला एक गोष्ट मुद्दाम दाखवतो. त्या आईच्या नखांचे ओरखडे माझ्या अंगावर खालपासून वरपर्यंत आहेत, आणि त्याच्या पत्र्यावर एकही नाही.