बांबूच्या हाती माझं स्टीअरिंग

मी टेम्पो बोलतोय. बोलायची मला हौस नाही. आमच्या काळी टेम्पोनं ओझं वाहायचं आणि गप्प बसायचं, एवढंच ठरलेलं होतं. पण या हॉटेलच्या मालकीणबाईंनी मला दारासमोर उभं करून ठेवलंय, आणि टेबल रिकामं होईपर्यंत ताटकळणारी गिऱ्हाइकं माझ्या फाळक्यावर बसून तेच तेच विचारतात, "त्या सिनेमातला टेम्पो तो हाच का?" हो बाबांनो, हाच. आता एकदाच सांगतो. मधे बोलू नका, आणि उतरताना दार आपटू नका.

माझा जन्म कारखान्यातला. एका अंगानं पत्रा आत गेला, दुसऱ्या अंगानं मी बाहेर आलो. लाड झाले नाहीत. शाळेचं म्हणाल, तर मला माझा नंबर तेवढा वाचता येतो, तोही समोरच्या गाडीच्या काचेत बघून, म्हणजे उलटा.

मला घेतलं एका बेकरीवाल्यानं. मी तेव्हा तरणाबांड, लोखंडाच्या कांबी उचलायची रग अंगात, आणि माझ्या पाठीवर काय, तर पाव! लाज वाटायची हो. बाजारात शेजारी सिमेंटचे ट्रक उभे असायचे, त्यांच्याकडे मी बघतसुद्धा नसे. पण बेकरीवाला माणूस चांगला. माझी काच स्वतःच्या एप्रनानं पुसायचा. सगळ्या काचेवर पीठ लागायचं, ती गोष्ट निराळी.

तो थकला, धंदा जावयाकडे गेला. जावयानं नवी गाडी आणली आणि मला मागच्या शेडमध्ये लोटलं. तिथं एक कोंबडी माझ्या सीटवर अंडी घालायची. तिची माझी काही तक्रार नव्हती. ती दार आपटत नव्हती.

मग एक दिवस सिनेमावाले आले. त्यांना जुनापुराणा टेम्पो हवा होता. दिग्दर्शकानं माझ्याभोवती एक फेरी मारली आणि म्हणाला, "वा! काय थकलाय!" जावई लगेच म्हणाला, "घेऊन जा." कोंबडीला कुणी विचारलं नाही.

सिनेमा विनोदी. दोन मित्र. एक आचारी, त्याच्या जिभेची चव गेलेली. दुसरा फुकटखाऊ. दोघं टेम्पोतून गावोगावची हॉटेलं पालथी घालतात, कुठंतरी आचाऱ्याची चव परत येईल म्हणून. काम करणारे दोघे खरोखरचे जुने मित्र. आचारी झालेला उंच, हडकुळा, त्याला सगळे बांबू म्हणत. फुकटखाऊ झालेला तो ढब्बू. नाव का पडलं ते सीटच्या स्प्रिंगांना विचारा.

आता ऐका, मोठ्या माणसांचं खोटं कसं असतं ते. सिनेमात टेम्पो आचारी चालवतो. पहिल्याच दिवशी दिग्दर्शकानं बांबूला विचारलं, "टेम्पो येतो ना चालवता?"

"झोपेतसुद्धा," बांबू म्हणाला.

ढब्बूनं पुस्ती जोडली, "साहेब, ह्याच्या शेजारी बसून मी अख्खा मुलूख फिरलोय."

सपशेल खोटं! बांबूनं माझ्या गिअरच्या दांड्यावर टोपी अडकवली, तेव्हाच मी ओळखलं. गाडी येत होती ती ढब्बूला. त्यानं पूर्वी दुधाची गाडी चालवलेली. पण बांबूला बऱ्याच दिवसांत काम मिळालं नव्हतं. थोरली बहीण शिवणकाम करून त्याला पोसत होती. "ताई, आता ते मशीन झाकून ठेव," असं तो तिला फोनवर सांगताना मी माझ्या कानांनी ऐकलंय. मग काय बोलणार? मी बोलतही नव्हतो म्हणा.

खोटं खपलं, कारण सिनेमात गाडी चालतच नाही. मला एका लांबलचक ट्रेलरवर चढवलं, चाकं पट्ट्यांनी आवळली, आणि पुढून दुसराच ट्रक मला ओढू लागला. बांबू नुसतं स्टीअरिंग हलवायचा. मला धडधाकट चाकं असताना असं दुसऱ्याच्या पाठीवर बसून हिंडायचं! येणारे-जाणारे बघायचे. मी दिवे मिटून घ्यायचो.

हॉटेलात पोचलं की खाण्याचे प्रसंग. एकच घास पुन्हा पुन्हा घ्यायचा. टेबलाखाली बादली ठेवलेली. दृश्य संपलं की घास त्यात थुंकायचा, नाहीतर माणूस फुटेल. बांबू थुंकायचा. ढब्बू नाही. "आईनं अन्न थुंकायला शिकवलं नाही," म्हणून तो प्रत्येक घास गिळायचा. एका सूपवाल्या दृश्याला दिग्दर्शकाचं काही केल्या समाधान होईना. शेवटी ढब्बू तिथून उठला, धावत माझ्याकडे आला आणि... जाऊ द्या. माझ्या पायदानाचं काय झालं ते तुम्ही जेवायच्या आधी सांगत नाही.

त्यावर बांबू सगळ्यांदेखत म्हणाला, "साहेब, याला संवाद देऊच नका. ताट द्या, तेवढ्यात खूश!"

सगळे हसले. दिग्दर्शकाला ते इतकं आवडलं की त्यानं ते वाक्य सिनेमातच घातलं. म्हणजे आता ढब्बूला ते रोज ऐकायचं, आणि वर ऐकून हसायचं.

ढब्बू त्या दिवसापासून बांबूशी बोलेना. कॅमेऱ्यासमोर लिहिलेले संवाद तेवढे बोले, आणि "कट" म्हटलं की खिडकीबाहेर तोंड. मधे मी. दोघांचे सुस्कारे माझ्या काचेवर. पुसणार कोण?

अशातच एका पोराचं काम गेलं. चार ताटं एका हातावर आणता येतात असं सांगून त्यानं वेटरची भूमिका मिळवली होती. त्यातली तीन फोडली. दिग्दर्शकानं दुसऱ्याच दिवशी त्याला घरी धाडलं. "येत नाही म्हणा, चालेल. येतं म्हणून फसवलंत तर माझ्याकडे थारा नाही." बांबूचा चेहरा तेव्हा पावासारखा पांढरा झाला. अर्धा सिनेमा अजून व्हायचा होता.

पुढचं हॉटेल टेकडीवरचं. हेच. रस्ता अरुंद, ट्रेलर वळेना. दिग्दर्शक म्हणाला, "बरंच झालं. आज स्वतः चालवा. मी मागच्या गाडीतून येतो, तुमचं सगळं मला कानात ऐकू येईल." माझ्या काचेसमोर कॅमेरा बांधला. बऱ्याच दिवसांनी माझी चाकं जमिनीला लागली. मी खूश! पण स्टीअरिंगवरचे हात इतके घामेजले होते की मलाच धडकी भरली.

"काहीतरी सांग ना रे," बांबू कुजबुजला.

"संवादात नाही," ढब्बू म्हणाला.

"ॲक्शन!"

बांबूनं क्लच सोडला. मी बेडकासारखी उडी मारली आणि बंद पडलो. पुन्हा तेच. आता मागून विचारणा होणार, सगळं उघडं पडणार. बांबू डोळे मिटून बसला.

आणि ढब्बू ओरडला, "अरे ढेकळा, डावा पाय! डावा पाय कुठं ठेवलास, घरी?"

मागून दिग्दर्शकाचा आवाज आला, "वा! असंच! चालू द्या!"

त्याला वाटलं, हे दोघं मनचे संवाद घालतायत.

"हळू सोड. हळू म्हणजे हळू! माश्या मारतोयस का?"

"चढतोय रे! ढब्बू, चढतोय!"

"तू नाही, टेम्पो चढतोय. समोर बघ. माझ्याकडे काय बघतोस, मी काय रस्ता आहे?"

चढलो खरं. गिअर पडताना माझे दात कराकरा वाजले, पण चढलो. शेवटच्या वळणावर बांबू गांगरला, मी पुन्हा बंद पडलो आणि मागं घसरू लागलो. मागं दिग्दर्शकाची गाडी. एका अंगाला दरी. मागचं "वा, वा" थांबून "अरे, अरे" सुरू झालं.

बांबूनं स्टीअरिंग छातीशी धरलं आणि किंचाळला, "ढब्बू, माफ कर रे मला! ते ताटाचं मी बोलायला नको होतं!"

"आधी ब्रेक दाब, मग माफी माग!"

बांबू ब्रेकवर उभाच राहिला. वर ढब्बूनं माझा हँडब्रेक असा ओढला की माझ्या पोटातून कळ गेली. पण धरलं मी. म्हातारा असलो तरी धरलं. दिग्दर्शकाच्या गाडीपासून वीतभर अंतरावर.

मग ढब्बू हळूच म्हणाला, "आता माग."

"चुकलो."

"मोठ्यानं."

"चुकलो रे जाड्या!"

"हां. आता डावा पाय."

वर पोचलो, तेव्हा मालकीणबाईंच्या अंगणातल्या दोन खुर्च्या माझ्याखाली आल्या. बाकी सगळे शाबूत. दिग्दर्शक डोळे पुसत धावत आला. "काय काम केलंत रे! काय ती भीती! अगदी खरी! चला, एकदा परत घेऊ."

ढब्बू बांबूच्या खांद्यावर हात टाकून म्हणाला, "नाही साहेब. माफी एकदाच मागतात."

तेच दृश्य सिनेमात गेलं. दिग्दर्शकाला आजतागायत काही ठाऊक नाही. मुक्काम हलेपर्यंत रोज दुपारी ढब्बूनं बांबूला मागच्या मैदानात गाडी शिकवली. शिकला तो. माझा क्लच मात्र गेला, म्हणून तर मी इथंच राहिलो. मालकीणबाईंनी मला दोन खुर्च्यांच्या बदल्यात ठेवून घेतलं.

सिनेमा तयार झाल्यावर तो पहिल्यांदा इथंच, अंगणात पडदा लावून दाखवला. बांबूची ताई आली होती, तिला मशीनची सवय, हात कुठं ठेवावेत कळेना. दोघं मित्र बसले माझ्या सीटवर. टेकडीचं दृश्य आलं. लोक पोट धरून हसत होते. आणि मी पडद्यावर चढ चढायला लागलो, तर काय ऐकतो? गुर्रर्र, गुर्रर्र, कुठल्यातरी कोवळ्या पोरसवदा गाडीचा गुळगुळीत आवाज!

बांबू आणि ढब्बू एकदमच म्हणाले, "हा आपला नव्हे!"

चौकशी केली, तेव्हा कळलं. सिनेमाला मागाहून आवाज लावणारा एक गृहस्थ असतो. माझा आवाज कर्कश आहे म्हणून त्यानं काढून टाकला. जीव माझा गेला असता, क्लच माझा गेला, आणि कौतुक त्या पोरसवदा गाडीच्या घशाचं!

संपलं. तुमचं टेबल झालं असेल रिकामं, जा. सिनेमा बघाल तेव्हा त्या चढावर डोळे उघडे ठेवा आणि कान बंद करा. बांबू-ढब्बू वर्षातून एकदा इथं जेवायला येतात, गाडी बांबू चालवतो, शिव्या ढब्बू देतो. मालकीणबाई मला पुसतात. जावयालाही मी केव्हाच माफ करून टाकलं. माझी माफी मागायची राहिलीय ती एकाच माणसानं, त्या आवाजवाल्यानं.