कागदाचा पाय

प्रुइटच्या दुकानात आम्हा काळ्यांना बूट घालून बघायची मुभा नव्हती. घरी खाकी कागदावर पाऊल ठेवायचं, भोवती पेन्सिल फिरवायची आणि तो कागदाचा पाय कापून दुकानात न्यायचा. माप चुकलं तरी बूट परत घेत नसत. आमच्या पायाला लागलेला बूट मग गोऱ्यांना कसा विकणार?

माझी बहीण लुविनिया याविरुद्ध उभी राहिली. वर्षभर गावातल्या एकाही काळ्या माणसाने त्या दुकानाची पायरी चढली नाही. त्यापायी तिला तुरुंगात टाकलं. तिथे शिपायाने पाठीत दांडा घातला, तेव्हापासून घोट्याखाली तिला काही कळत नाही. हे माझ्याशिवाय कुणाला ठाऊक नाही.

शेवटी प्रुइट नमला. पहिला बूट लुविनियाने घालायचा, असं ठरलं. काचेबाहेर आमचं अख्खं चर्च जमलं होतं.

"लुविनिया, जरा बेताने!" शेजारची झेल्मा ओरडली. "तुझा बूट म्हणजे होडीच. आमच्यापुरतं कातडं शिल्लक ठेव गं बाई!"

सगळे हसले. लुविनिया हसली नाही.

दुकानातला गोरा नोकर टली गुडघ्यावर बसला. "पाय पुढे कर," म्हणाला. मग मान खाली घालून, "करा."

त्याने बूट चढवला. "टोचतोय का?"

लुविनिया माझ्याकडे बघत राहिली. मी आपला पुस्तकातला माणूस. तयारीशिवाय कुठे जात नाही. तिचा कागदाचा पाय तिला न सांगता मी आणला होता. खिशात हात घातला. पण तो कागद तिथे निघाला असता, तर वर्षभर सगळ्यांनी सोसलं ते कशासाठी? तिने मान किंचित हलवली. नको.

"बरोबर बसतो," ती टलीला म्हणाली आणि दुकानभर चालून आली. बाहेर टाळ्या पडल्या.

घरी मी तिचे बूट काढले. टाच सोलवटली होती, मोजा रक्ताने चिकटला होता. दुसऱ्या कुणाचा पाय पाहावा तशी ती बघत होती.

"लहान झाला गं."

"हं."

"आता? आपण घातलेला बूट ते परत घेत नाहीत."

"प्रुइटशी ते बोलायचं राहिलंच," ती म्हणाली. भाजीत मीठ राहिलं म्हणावं, तसं.

मी मोजा पाण्यात टाकला. ती खिडकीकडे तोंड करून बसली होती.

"बूट नीट पुसून खोक्यात ठेव," ती म्हणाली. "शनिवारी सगळ्यांसमोर परत करायला जाऊ. गर्दी असते."