तिसऱ्या हडळीची चूक

शेवंती घाडीगावकर तरुणपणी हडळ होती, हे अंधेरीच्या त्यांच्या बिल्डिंगीत सगळ्यांना ठाऊक होतं. बेचाळीस वर्षांपूर्वी ‘सातजणींचा फेर’ नावाचा भुताचा सिनेमा आला होता. वडाभोवती सात हडळी नाचतात, तोच. त्या सातांतली एक आपली आई, हे तिची मुलगी रुचिरा बँकेत मोठ्या तोऱ्यात सांगायची. कितवी, असं कुणी विचारलं तर म्हणायची, पाचवी.

खोटं होतं ते. रुचिराचा दोष नाही, तिला तसंच सांगितलेलं. शेवंती तिसरी होती. पण तिसरीने भर फेरात चूक केली, नाच बसवणाऱ्या लवू मास्तरांनी तिला ग्रुपमधून काढलं आणि त्यानंतर तिच्या पायांत पुन्हा घुंगरं चढली नाहीत. ती चूक का झाली हे रुचिराला कळू नये, एवढ्यासाठी ही बाई बेचाळीस वर्षं पाचवी होऊन राहिली होती. झाकली मूठ सव्वा लाखाची.

आणि आता सुशांत नावाचा दिग्दर्शक तोच सिनेमा नव्याने काढत होता. सातांपैकी चालतीफिरती अशी शेवंतीच सापडली, म्हणून त्याने तिला गोरेगावच्या स्टुडिओत बोलावलं. रुचिराने रजा टाकली. रिक्षात बसल्या बसल्या शेवंतीने ठरवून टाकलं, की तिसरीचं तेवढं काढून टाका म्हणून सांगायचं. नव्यात ते नसलं की जुनं कोण उकरतंय.

स्टुडिओत फायबरचा वड उभा होता. पारंब्या इतक्या झकास, की शेवंतीचा हात आपसूक नमस्काराला गेला. सुशांत वाकून तिच्या पाया पडला आणि जरा जास्तच वेळ तिथे राहिला. पावलं सरळ आहेत याची खात्री करत असावा.

“मावशी, एक सांगा,” तो म्हणाला. “त्या काळी कॉम्प्युटर नव्हते. मग हडळींची पावलं उलटी कशी केली? आम्ही तीन महिने डोकं फोडतोय.”

“पावलं कुठली उलटी? आम्हीच उलट्या होतो.”

मग तिने सांगितलं. साडी-चोळी मागचं पुढे करून नेसायची. मुखवटा डोक्याच्या मागे बांधायचा, केस खऱ्या तोंडावर सोडायचे आणि कॅमेऱ्याकडे पाठ करून नाचायचं. बघणाऱ्याला वाटतं बाई समोर बघतेय, पण कोपर उलटं, टाच पुढे. फेर म्हणजे गौरी-गणपतीत कोकणात बायका धरतात तोच, फक्त पाठमोरा. पंचवीस दिवस तालीम, पडून पडून गुडघे सोललेले.

सुशांत खाली बसला. त्याने नेमलेल्या कॉम्प्युटरवाल्यांचे चेहरे मात्र उतरले.

“आता माझं एक ऐक,” शेवंती म्हणाली. “ती तिसरी मध्येच फेर सोडून जाते ना, ते काढून टाक. चुकलंय ते.”

“चुकलंय?” सुशांत तिच्याकडे बघतच राहिला. “मावशी, त्या शॉटसाठी तर मी हा सिनेमा काढतोय. ती आपल्याकडे रोखून बघत, हात मागे पसरून झाडात ओढली जाते. आठ वर्षांचा होतो मी. महिनाभर अंथरूण ओलं करायचो, यार.”

“मी अजून तेवढं बघत नाही,” रुचिरा म्हणाली. “डोळे मिटते.”

शेवंतीने लाजेखातर जी गोष्ट पोटात दडवली, तिला उभा महाराष्ट्र टरकून होता. हसावं की रडावं तिला कळेना. ती चहा प्यायली.

मुखवटे मागे बांधून काम सुरू झालं आणि फेर तासाभरात जमला. अडलं ते तिसरीवर. तिसरी होती मुलुंडची मानसी, सहाव्या वर्षापासून कथक शिकलेली. ती फेर सोडायची, हात पसरायची, झाडाकडे जायची. सगळं देखणं. भीती मात्र कुणाला वाटेना. पहिल्या खेपेला नाही, चौदाव्यालाही नाही. नाचता येईना अंगण वाकडे म्हणतात, पण इथे बाईला नाच फार येत होता, तेच वाकडं पडत होतं.

पंधराव्या खेपेनंतर सुशांत शेजारच्याला हळूच म्हणाला, “उद्या दुसरी मुलगी बघूया. हिला आत्ता सांगू नकोस.”

हळूच म्हणाला खरा, पण ऐकू गेलं. मानसीने मुखवटा काढून मांडीवर घेतला आणि ती घुंगरू सोडायला लागली. गाठ सुटत नव्हती, ती ओढत राहिली. लवू मास्तरांनीही तेव्हा तोंडावर सांगितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी शेवंती तालमीला गेली, तेव्हा तिच्या जागी दुसरी उभी होती.

शेवंतीने रुचिराकडे बघितलं. मग ती उठली.

“तिला काढू नकोस,” ती सुशांतला म्हणाली. “तिला येणार कसं? तो नाचच नव्हता. मी होते तिसरी.”

रुचिराने फोनमधून मान वर केली.

“हिचे वडील गावी गेलेले, गिरणीचा संप होता,” शेवंती रुचिराकडे बोट दाखवून बोलत राहिली. “ही आठ महिन्यांची, अंगावर पिणारी. झाडामागे कपडेवाल्या सुंदराबाईपाशी निजवलेली. भर फेरात ही रडायला लागली. माझं खरं तोंड झाडाकडेच होतं ना. मी हात पसरले आणि गेले. तुम्हाला दिसला तो डोक्यामागचा मुखवटा. कॅमेऱ्यातली फिल्म संपली होती, परत घेता येईना, म्हणून तेच ठेवलं.”

मानसीचे हात गाठीवरच थांबले.

“पाचवी म्हणे,” रुचिरा म्हणाली. “माझ्यामुळे सुटला ना तुझा नाच? म्हणून सांगितलं नाहीस.”

“तुझ्यामुळे कशाला गं? माझ्या पायांनी गेले मी. मास्तर ओरडत होते, ऐकू येत होतं मला. तरी गेले.”

“नंतर कधी वाटलं नाही तुला?”

“नाचावंसं रोज वाटलं,” शेवंती म्हणाली. “थांबायला हवं होतं, असं एकदाही वाटलं नाही.”

रुचिराने ओढणीने नाक पुसलं, पर्स खुर्चीवर ठेवली आणि ती तरातरा वडामागे निघाली.

“मॅडम, तिथे कुठे?” सुशांतने विचारलं.

“रडायला. तुमच्या हडळीला कुणी बोलवायला नको?”

मानसीने मुखवटा पुन्हा मागे बांधला. दोन्हीकडच्या दोघींनी तिचे हात धरले आणि फेर सुरू झाला. वडामागून आधी नुसतंच खोकल्यासारखं काही आलं. बँकेतल्या बाईला असं पटकन रडता येतं थोडंच? आणि मग खरी हाक आली, “आई.”

मानसीचे हात सुटले आणि ती निघाली. लाइटवाला दशरथ, ज्याने उभा जन्म भुतांच्या सिनेमांवर उजेड पाडण्यात घालवला होता, तो रामरक्षा पुटपुटायला लागला. सुशांतने खुर्चीचा हात घट्ट धरून ठेवला.

शेवंतीने तो शॉट बघितला नाही. ती केव्हाच दुसऱ्या बाजूने वडामागे गेली होती.