बाहेरचा नळ

चाळीस वर्षं मी पाण्याला वळण लावलं. घरं, हॉटेलं, दोन इस्पितळं. पंप बसवले, गळत्या काढल्या. आणि अडीच फुटांच्या एका काचेच्या टाकीतल्या शंभर लिटर पाण्यानं मला दीड महिना पार जेरीला आणलं.

टाकी आणली ती बायकोसाठी. मागच्या दारच्या बागेत पाय घसरून तिचा खुबा मोडला. डॉक्टर म्हणाले, तीन महिने जिना नाही. पलंग वरच्या खोलीत, आणि खिडकीतून दिसते ती समोरच्या इमारतीची भिंत. खोलीत ऊन येत नाही, त्यामुळे कुंडीही जगत नाही. आठ दिवस ती भिंतीकडे बघत राहिली. मग तेही सोडलं. झोप लागलेली नसतानाही डोळे मिटून पडायची. बोलकी बाई गप्प झाली की घर खायला उठतं.

पाण्यातल्या झाडांच्या टाकीला स्वतःचा दिवा असतो, उन्हाची गरज नाही. म्हणून ती आणून पलंगासमोर मांडली.

माशांच्या दुकानदाराला सगळे मास्तर म्हणतात, कारण तो शिकवल्याशिवाय काही विकत नाही. त्यानं मधला फिल्टर पुढे केला. "शंभर लिटरच्या टाकीला तासाला सातशे-आठशे लिटर फिरलं की पुष्कळ झालं, काका."

मला हसू आलं. थांबलेलं पाणी कुजतं, हे मी त्याच्या जन्माआधीपासून बघत आलोय. "तो वरचा मोठा दे."

"तो तासाला दोन हजार लिटरचा आहे. झाडं उपटून काढेल."

"झाडं मी लावणार आहे. तू फिल्टर दे."

"बरं. पाणी कसं आहे तुमच्याकडे? जड का मऊ?"

इथे माझी छाती फुगली. आमच्या भागातलं पाणी जड, भांड्यांवर पांढरे डाग पाडणारं. वीस वर्षांपूर्वी मी जिन्याखाली पाणी मऊ करायचं यंत्र बसवलं, मिठावर चालणारं, आणि घरातला प्रत्येक नळ त्याच्यावरून फिरवला. अजून एक थेंब गळलेला नाही.

"लोण्यासारखं मऊ," मी म्हणालो.

"मग प्रश्नच मिटला." यंत्राचं मी बोललो नाही, त्यानं विचारलं नाही.

पहिल्याच संध्याकाळी झाडं वादळात सापडल्यासारखी आडवी झाली. सकाळी निम्मी पाण्यावर तरंगत होती आणि मास्तरनं सोबत दिलेले सहाही मासे दगडाच्या आडोशाला दाटीवाटीनं उभे होते. बायकोनं मान वळवून बराच वेळ बघितलं.

"अहो, एवढ्या घाईनं कुठं निघालंय?"

"कोण?"

"पाणी."

कित्येक दिवसांत ती पहिल्यांदाच आपणहून बोलली होती. टोमणा होता, तरी बरं वाटलं.

चार वेळा मी चिमट्यानं झाडं पुन्हा लावली, मुळांवर खडे ठेवले, चार वेळा ती वर आली. मग मुकाट्यानं हत्यारांची पेटी काढली. पाणी ओढणारी बाजू आवळली तर पंप कोरडा पडतो, म्हणून टाकीत पाणी सोडणाऱ्या नळीवर छोटी तोटी बसवून ती निम्मी बंद केली. नळीची भोकं ड्रिलनं मोठी केली आणि तिचं तोंड काचेकडे फिरवलं. जोर गेला. पाती जागच्या जागी डुलू लागली, मासे बाहेर आले. मास्तरला मात्र मी हे कळू दिलं नाही.

जिंकलो असं वाटलं. पंधरा दिवसांत नवी पानं फिक्की, वेडीवाकडी येऊ लागली. जुन्यांच्या कडा विरघळून गेल्या. दिव्याचे तास वाढवले, मग कमी केले. मास्तरकडून खत आणलं. शेवटी म्हटलं, पाणीच बदलू सारखं. दर तीन दिवसांनी निम्मी टाकी उपसून नळाचं ताजं पाणी भरायला लागलो. जितकं बदलावं तितकी झाडं खंगत चालली. मी टाकीशी भांडायला लागलो, मोठ्यानं.

एका सोमवारी बायको म्हणाली, "रविवारी मास्तरला बोलवा. मासे घेऊन जाऊ दे. आणि टाकीही हलवा."

"का?"

"पडल्या पडल्या झाडं मरताना बघायची, तर भिंत काय वाईट होती?"

माझं डोकंच सणकलं. मास्तरनं दिलेली जडपणा तपासायची बाटली आणली; रंग बदलायला जितके थेंब लागतील, तितकं पाणी जड. नळाच्या पाण्यात थेंब टाकला. पहिल्याच थेंबाला रंग बदलला. "बघ! जडपणा शून्य! माझ्या पाण्यात खोट नाही!"

तिनं मान वळवली. "तुम्ही आतल्या नळाचं घालता?"

"मग काय पाऊस पाडू?"

"बागेला मी आतलं पाणी कधीच घालत नाही. पहिल्या वर्षी घातलं होतं. नेचे करपले सगळे. तेव्हापासून त्या मागच्या भिंतीवरच्या नळाचं घालते."

तो गंजका नळ तेवढा यंत्रावरून गेलेला नव्हता. मी काढूनच टाकणार होतो. "तो तर पाय धुवायला राहू दे म्हणाली होतीस!"

"तुम्ही त्या यंत्राला फडक्यानं पुसत होतात. काय सांगायचं?"

"वीस वर्षं?"

"बाग तर जगली ना."

मास्तरला फोन केला. तो ओरडलाच. "मिठाचं यंत्र? अहो काका, चुना आणि बाकीचे क्षार म्हणजे झाडांचं खाणं. ते सगळं तुमचं यंत्र काढून घेतं आणि बदल्यात मिठाचा अंश सोडतं. मऊ म्हणालात तुम्ही!"

"मऊच आहे!"

"मऊ आहे, पण उपाशी आहे."

बाहेरच्या नळाच्या पाण्याला चौदा थेंब लागले. मास्तर म्हणाला, तेही माशांना जास्त जड, प्यायच्या फिल्टरचं पाणी निम्मं मिसळा, त्यात मीठही उरत नाही. एक दिवस उघडं ठेवा, आणि रोज एकच बादली बदला, एकदम नाही.

बायकोच्या सांगण्याप्रमाणे रविवारी मास्तर मासे न्यायला रिकामी बादली घेऊन आला. मी तोंड पाडून जाळी शोधत होतो.

"थांबा," बायको म्हणाली. "त्या डाव्या झाडाला कोंब आलाय. सरळ आहे."

मला काही दिसलं नाही. मास्तर काचेला नाक लावून म्हणाला, "आहे हो काका."

"मास्तर, बादली परत न्या," ती म्हणाली. "नाहीतर त्यात यांना न्या."

आता दर रविवारी मी मागच्या दारचं पाणी भरून जिन्यानं वर नेतो. घरात अकरा नळ, सगळे माझ्या हातचे, त्यातले चार वरच्या मजल्यावर. एकही उपयोगाचा नाही. बाहेरच्या नळावरून वरपर्यंत पाइप टाकायचा म्हणून मी मापंसुद्धा घेतली. ती नको म्हणते. म्हणते, पाइप टाकला की तुम्ही त्याच्यावर काहीतरी यंत्र बसवाल.