पिवळी तार, हिरवी तार

बाबांबरोबर काम करायचं म्हणजे आधी डोक्यावर बर्फ ठेवायचा आणि मग हातात पकड घ्यायची. मी घरांची वायरिंग करते. लोकांच्या भिंतींतून तारा ओढते, आणि आजवर माझ्यामुळे कुणाचं घर पेटलेलं नाही. पण बाबांच्या लेखी मी म्हणजे बल्ब बदलणारी बाई. ते रेडिओ दुरुस्त करायचे. दुकान बंद होऊन जमाना लोटला, तरी घरात कुठलीही तार दिसली की पहिला हक्क त्यांचा.

आई होती तोवर ती आमच्या मध्ये उभी राहायची. तिच्या मधमाश्या होत्या. टेकडीच्या मागच्या उतारावर, झाडीत, चोरांच्या नजरेला पडू नयेत अशा दडवून तिनं पेट्या ठेवल्या होत्या आणि प्रत्येक पेटीची जागा आपल्या जुन्या जीपीएसमध्ये साठवली होती. ते यंत्र विटेसारखं जड, वर बोटाएवढी अँटेना. आम्हा दोघांना तिनं कधी वर नेलं नाही. "तुम्ही तिथंही भांडणार, आणि माश्या चावणार मला," म्हणायची. हिवाळ्यात साध्या तापाचं निमित्त झालं आणि ती गेली. यंत्र तिच्या पिशवीत तसंच राहिलं.

मग परवा वनरक्षक दारात आला. त्या उतारावरची झाडी रविवारपासून तोडायला घेणार होते. "शनिवारी संध्याकाळपर्यंत पेट्या हलवा. मशिनं आली की मग माझ्या हातात काही नाही," म्हणाला.

"त्यात काय एवढं, आणू की," बाबा म्हणाले. दिवसभर आम्ही काट्यांतून फिरलो. हातापायांवर ओरखडे आले, एक फुटकं झाकण सापडलं, आणि दोष कुणाचा यावर येताना वाटभर वाद झाला. पेटी एकही दिसली नाही. आईचं म्हणून जिवंत असं जगात तेवढंच उरलं होतं, आणि ते कुठं आहे हे फक्त त्या विटेला ठाऊक होतं.

विटेनं मात्र मान टाकली होती. आतल्या सेलमधून पाणी गळून पत्र्या खाऊन टाकलेल्या, पडदा आतून फुटून शाईसारखा काळा. मागे रबराच्या झाकणाखाली एक गोल खाच होती, तिच्यात चार बारीक पिना. दोन विजेच्या, एक यंत्राच्या बोलण्याची, एक ऐकण्याची. तिथून बाहेरची वीज द्यायची आणि तिथूनच आतली माहिती ओढायची, एवढा एकच मार्ग होता. त्या खाचेत बसणारी केबल कुठंच मिळेना. दुकानदारानं यंत्र उलटसुलट करून पाहिलं आणि संग्रहालयात विचारायला सांगितलं.

म्हणून केबल घरीच करायची ठरली. माळ्यावरचा जुना संगणक खाली काढला, कारण नऊ पिनांची जुनी जोडणी त्यालाच होती. एका मोडक्या प्लगमधल्या पितळी नळ्या मी ओढून काढल्या. त्या चार पिनांवर अगदी घट्ट बसल्या. त्यांना तारा जोडायच्या आणि सगळं जमलं की भोवती गरम गोंद ओतून प्लग करायचा. इथवर आमचं एकमत होतं. मला तेव्हाच संशय यायला हवा होता.

विजेच्या तारांवरून जुंपली. बाबा म्हणे काळी तार म्हणजे ऋण, जग बुडालं तरी ऋण. मी म्हटलं, काळ्या तारेतून जिवंत वीज वाहणारी घरं मी रोज बघते, तेव्हा रंगावर जाऊ नका, मीटर लावा.

"मला मीटर शिकवतेस?"

"शिकवत नाही, लावा म्हणतेय."

"तू जन्मायच्या आधीपासून लावतोय."

"मग आताही लावा ना."

शेजारच्या काकूंनी खिडकी लावून घेतली. पण यंत्राला वीज उलटी गेली तर ते आतून जळेल आणि त्याच्याबरोबर पेट्यांच्या जागाही, हे दोघांनाही कळत होतं. बाबांनी मीटर लावला. मी पुन्हा लावला. मग त्यांनी माझं बघून परत लावला. शेवटी माझ्या स्कूटरची बॅटरी जोडली तेव्हा यंत्रानं बारीकशी शिट्टी दिली, आणि बाबांनी तोंड फिरवून चष्मा पुसला. आई पेट्यांकडे निघाली की घरात त्याच शिट्टीचा आवाज यायचा.

राहिल्या माहितीच्या दोन तारा, पिवळी आणि हिरवी. इथं एकच मेख असते. यंत्राचं तोंड संगणकाच्या कानाला जोडायचं आणि संगणकाचं तोंड यंत्राच्या कानाला. तोंडाला तोंड जोडलं तर दोघंही बोलत राहतात आणि ऐकत कुणीच नाही. आमच्या घराला हे समजावून सांगायची गरज नव्हती. त्यासाठी एका टोकाला दोन्ही तारा नेहमीच्या क्रमानं लावायच्या आणि दुसऱ्या टोकाला उलट्या. संगणकाकडचं टोक मी करत होते, यंत्राकडचं बाबा.

संगणक म्हणाला, यंत्र सापडत नाही. पुन्हा केलं. सापडत नाही. बाबांनी संगणकाच्या डोक्यावर थाप मारली. तिसऱ्यांदा संगणकच गोठला.

"तुझं टोक बघ," बाबा म्हणाले.

"माझं टोक बरोबर आहे. तुमचं बघा."

"माझ्या टोकाला काय झालंय?"

मी तणतणत चहा टाकायला गेले. आधण ठेवलं तेव्हा वाटलं, न जाणो, म्हाताऱ्यानं त्यांच्या बाजूला तारा उलट्या लावल्याही असतील. मी तर माझ्या बाजूला लावल्याच होत्या, कारण ते विसरणार याची मला खात्री होती. बाबा हात धुवायला उठल्यावर मी हळूच आले, माझ्या टोकाच्या तारा सुट्या केल्या आणि सरळ लावून टाकल्या. बोलले काहीच नाही. उगाच त्यांना वाटायचं, चूक माझी होती. मग चहा गाळायला परत आत गेले.

चहा झाला. संगणक म्हणाला, यंत्र सापडत नाही.

आता बाबांनी कपाळाला हात लावला. "मग राहिलं काय? आताच तर मी सरळ केल्या."

"काय सरळ केल्या?"

"तारा. आधी उलट्या लावल्या होत्या. तुम्ही वायरिंगवाले रंगाला रंग जोडता, तुला काय कळणार म्हणून मीच लावल्या. नंतर वाटलं, तूही लावल्या असशील. म्हणून तू चहा गाळत होतीस तेव्हा..."

ते थांबले. मी माझ्या टोकाकडे बघत होते. त्यांनीही बघितलं.

दोघांनी उलट्या लावल्या, म्हणून गाडी अडली. मग दोघांनी गुपचूप सरळ केल्या, म्हणून पुन्हा अडली. दिवसभर घसा फोडून भांडलो आणि जे एक वाक्य बोलायला हवं होतं, तिथं दोघंही मूग गिळून बसलो. मला इतका संताप आला की रडूच आलं. शनिवारची दुपार होऊन गेली होती.

"बाबा, मी हात मागे घेते," मी म्हणाले. "तुम्ही उलट्या लावा. आणि लावताना मोठ्यानं सांगा."

"पिवळी हिरवीच्या जागी," बाबा म्हणाले. त्यांनी तार पुढे केली, ती मी धरली. "हिरवी पिवळीच्या जागी."

संगणकाच्या पडद्यावर एकेक नाव उमटायला लागलं. स्वभाव बघून आई पेट्यांना नावं ठेवायची. सासू होती, नणंद होती, मावशी होती. नकाशावर त्या दूरदूर पसरलेल्या. अगदी टोकाला दोन नावं एकावर एक चढून काळा डाग झाला होता. मी नकाशा मोठा केला. मिरची आणि भोंगा.

मिरची मी. भोंगा बाबा. आईशिवाय आम्हाला त्या नावांनी कुणी हाक मारत नव्हतं.

"हे चुकलंय," बाबा पुटपुटले. "चिडक्या पेट्या शेजारी ठेवू नयेत, हे तीच सांगायची."

ऊन उतरायला लागलं तसे आम्ही निघालो. सगळ्या जागा मी फोनमध्ये घेतल्या होत्या. झाडी लागली आणि बाबांनी ओठांवर बोट ठेवलं. मी फोन बघत पुढे झाले. मावशी करवंदीच्या जाळीत होती, सासू दगडाआड. माश्या परतल्या की पेटीचं तोंड जाळीनं बंद करायचं, हिसका बसू नये म्हणून दोघांनी उचलायची, पाय जुळवत हातगाडीपर्यंत न्यायची. नणंद रिकामी निघाली. बाबांनी तिचं झाकण नीट लावलं आणि तिलाही उचललं.

शेवटच्या दोन एकाच झाडाखाली होत्या. आईचं काही चुकलं नव्हतं. दोन्ही पेट्या पाठीला पाठ टेकवून ठेवलेल्या आणि तोंडं विरुद्ध दिशांना. त्यांच्या मधल्या फटीत तिनं जुन्या शालीचा तुकडा खोचला होता, थंडीसाठी. मी मिरचीला कान लावला. आत घुमत होतं. पलीकडे बाबा भोंग्याला कान लावून गुडघ्यांवर बसले होते आणि त्यांचे डोळे मिटलेले होते.

अंधार पडायच्या आत सगळ्या पेट्या घरामागच्या कुंपणाशी आणल्या. मिरची मी ठेवली. भोंगा हातात धरून बाबा उभे राहिले.

"हा कुठं?" त्यांनी हळू आवाजात विचारलं.

"इथंच. पाठीला पाठ."

त्यांनी पेटी ठेवली आणि शालीचा तुकडा मध्ये सारला.

"डावीकडे कलंडतेय," मी म्हणाले आणि हात लावला नाही.

बाबांनी खाली वाकून ती सरळ केली.